चंपाच्या पोटातली पिशवी

गुरुवार, ३ मार्च १९६०
आज पुन्हा सहाच्या सहा पिशव्या पांढऱ्या. सकाळी केल्या तेव्हा काचेसारख्या स्वच्छ, दुपारी वाळल्यावर सायीसारख्या. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी एक खिडकीच्या उजेडात धरली. "सावंत, ही चाळण झाली," एवढेच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

कृती चुकत नाही. पुन्हा ताडून पाहिली. औषधाची रिकामी कॅप्सूल काचेच्या नळीच्या टोकाला बसवायची, कोलोडियनमध्ये (ईथरातला चिकट द्राव, वाळला की पापुद्रा होतो) बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. मग कोमट पाणी घालून आतली कॅप्सूल विरघळवून टाकायची. उरते ती पिशवी, शेंगदाण्याएवढी.

चूक हवेची आहे. बाई म्हणतात, कोलोडियनमधले ईथर उडताना गारवा धरते आणि मुंबईची दमट हवा त्यावर पाणी सोडते; त्याने पापुद्र्याला बारीक भोके पडून तो पांढरा होतो. बाई तिकडे थंड देशात शिकल्या, तिथे हा प्रश्न नव्हता. परळात आहे.

शनिवार, ५ मार्च
पिशव्या: चार. चारही पांढऱ्या.

सोनूकाकांनी (प्राणिघर त्यांच्याकडे) विचारले, "काय रे मोहन, एवढासा चेहरा? उंदीर चावला?" म्हटले, उंदीर चावला असता तर टिंक्चर लावले असते. ते म्हणाले, "मग लाव की चेहऱ्याला."

काळजी खरी आहे म्हणून लिहून ठेवतो. मोठ्या साहेबांनी बाईंना ही खोली मेअखेरपर्यंत दिली आहे. तोवर एक तरी साखरेचा आजारी उंदीर इंजेक्शनाविना, पोटातल्या पिशवीवर बरा राहिला असे दाखवता आले पाहिजे. दाखवले तर खोली राहील आणि मीही कायम होईन. नाही तर खोली दुसऱ्या खात्याला, बाई पुन्हा कॉलेजात शिकवायला, आणि मी मिलमध्ये. बाबांनी साचेखात्यातल्या (मागांवरच्या) जॉबरला, म्हणजे मुकादमाला, सांगूनही ठेवले आहे. बाबांचा डबा द्यायला एकदा आत गेलो होतो. तिथे यंत्रांच्या खडखडाटात माणसे ओठ बघून बोलतात. मला तिथे माझा स्वतःचा विचारसुद्धा ऐकू आला नाही.

मंगळवार, ८ मार्च
बाईंनी चुनकळीची युक्ती काढली. चुनकळी हवेतले पाणी पिते. मी बिस्किटांचा चौकोनी डबा आणला, तळाला चुनकळी, वर जाळी, जाळीला टांगलेल्या नळ्या. झाकणाच्या फटीला मेण. उद्या उघडायचा. घरी धाकट्या बहिणीला, सुमनला, सांगितले तर म्हणाली, "दादा, एवढी काळजी तू लग्नात नवरीची तरी घेशील का?" शाळेचा अभ्यास तिला कमी पडतो.

बुधवार, ९ मार्च
स्वच्छ. सहाही. पलीकडची खिडकी दिसते आरपार.

बाईंनी आपल्या डब्यातला चिवडा माझ्यापुढे केला. खाल्ला. हात आधी दोनदा धुतले.

शनिवार, १२ मार्च
आज पिशव्यांची परीक्षा. आधी फुंकून पाण्यात बुडवून पाहिल्या, सायकलवाला ट्यूबचे पंक्चर पाहतो तशा. एकीतून बुडबुडा आला, ती बाद.

मग बाईंनी एक गंमत दाखवली. पिशवीत तांदळाची पेज भरली, तोंड रेशमाने बांधले, आणि पिशवी आयोडिनच्या तपकिरी पाण्यात सोडली. थोड्या वेळाने पिशवीतली पेज निळी-जांभळी झाली. बाहेरचे पाणी मात्र तपकिरीच. म्हणजे आयोडिन आत गेले, पण पेज बाहेर आली नाही.

"कळलं?" बाईंनी विचारले.
म्हटले, बारीक ते जाते-येते, मोठे ते अडते.
"बस. एवढंच आपलं शास्त्र आहे. बाकी सगळं शिवणकाम."

पिशवीत पुढे पेज नसणार. स्वादुपिंडाच्या जिवंत पेशी असणार. (स्वादुपिंड: 'दु' ऱ्हस्व. बाईंच्या कोशात पाहिले.) त्या पेशी साखर जिरवणारा रस करतात. दुसऱ्याच्या पेशी अंगात नुसत्या ठेवल्या तर अंगातले शिपाई त्यांना परके समजून मारून टाकतात. पिशवीत ठेवल्या की शिपाई मोठे, ते आत येत नाहीत. रस बारीक, तो झिरपत बाहेर येतो. असे बाई म्हणतात. अजून कुणी उंदराने म्हटलेले नाही.

रविवार, १३ मार्च
जेवताना घरी पिशवी समजावून सांगितली. बाबा भात कालवता कालवता ऐकत होते. आईने मध्येच विचारले, "अरे, पण आत कोंडलंस तर तेंका खावक कोण घालता?"

सुमन हसली. बाबा म्हणाले, "बघ, तुझ्या आवशीक तुझ्या बाईंनी नोकरीक घेऊक व्हया."

सोमवार, १४ मार्च
बाईंना आईचा प्रश्न विचारला, भीत भीत. त्या म्हणाल्या, "उत्तम प्रश्न. खाणंही बारीकच असतं, तेही झिरपून आत जातं. हवाही. पण पुरेसं जातं का, हेच तर ठाऊक नाही. आईंना सांगा, त्या काळजीने मलाही झोप नाही."

आईला सांगितले. आई तव्यावरची भाकरी परतत म्हणाली, "मगे मोठी पिशवी करू नकोस हां. मधल्याक पोचूचा नाय." बाईंनी नेमके हेच दुपारी म्हटले होते. आईला ते सांगितले, पण तिला त्याचे काही विशेष वाटले नाही. कालवणातले मासे संपत आले होते, तिकडे लक्ष.

गुरुवार, १७ मार्च
प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात जाऊन सर्वांत लहान कॅप्सुली आणल्या. दुकानदार: "कशाला हव्यात एवढ्याशा? बाळाला औषध?" म्हटले, उंदराला. त्याने पुडी बांधायची थांबवून माझ्याकडे नीट पाहिले. परत येताना फणसवाडीत मावशीकडे चहा. तिनेही विचारले, अजून उंदरांतच आहेस का.

सोमवार, २१ मार्च
आज झाले.

तीन माद्या: क्र. ४, क्र. ७, क्र. ९. तिघींना साखर चढवणारे इंजेक्शन आधीच दिलेले, तिघीही सतत पाणी पीत होत्या. पेशी नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या घ्याव्या लागतात. त्याबद्दल लिहीत नाही. सोनूकाका त्या वेळी बाहेर जाऊन उभे राहिले. मीही गेलो असतो, पण नळी माझ्या हातात होती.

बाईंनी पिशवीत पेशी भरल्या, गाठ मी मारली. पोटात ठेवायला दोन मिनिटेही लागली नाहीत. मग टाके.

क्र. ७ शुद्धीवर येताच मिशा पुसू लागली. सोनूकाका म्हणाले, "ही नखरेल आहे, चंपा म्हणा हिला." बाई म्हणाल्या, नावे ठेवायची नाहीत, जीव गुंततो. सोनूकाका "बरं बाई" म्हणाले आणि पिंजऱ्यावर खडूने च काढला.

मंगळवार, २२ मार्च
तपासणीची खूण इथे पक्की करतो. पिंजऱ्याखालच्या बरणीतले मूत्र मोरचुदाच्या निळ्या पाण्यात घालून उकळत्या पाण्यात धरायचे. साखर नसेल तर निळे राहते (नि.). थोडी असेल तर हिरवे (हि.), मग पिवळे (पि.), फार असेल तर विटेसारखे तांबडे (तां.).
४: तां. ७: तां. ९: तां.

गुरुवार, २४ मार्च
४: तां. ७: पि. ९: तां.
बाई म्हणाल्या, उतावीळ होऊ नका. स्वतः तीन वेळा येऊन नळी पाहून गेल्या.

शनिवार, २६ मार्च
४ सकाळी मेलेली. पिशवीची गाठ सुटली होती. ती गाठ माझी.
बाईंनी विचारण्याआधीच मी सांगितले. म्हणाल्या, "मी केलेल्या गाठी किती सुटल्या, ते विचारू नका." तरी दिवसभर रेशमाच्या गाठी मारत बसलो, बरणीच्या गळ्याला, पेन्सिलीला, खुर्चीच्या पायाला. सोनूकाका येऊन म्हणाले, "आता माझ्या पायाला बांध, म्हणजे मी पळून जाणार नाही."
७: हि.

सोमवार, २८ मार्च. पाडवा
सुटी होती तरी गेलो. बाईही दादरहून ट्रामने आलेल्या, नवे पातळ नेसून. कुणी कुणाला का आलात म्हणून विचारले नाही.
७: नि.

निळे. ढवळले, पुन्हा पाहिले. खिडकीशी नेले. निळे. निळ्या पाण्याच्या कोऱ्या नळीशेजारी धरले, दोन्ही सारख्या.

बाई स्टुलावर बसल्या, पदराने चष्मा पुसू लागल्या. बराच वेळ पुसत होत्या. मी घरून आणलेली श्रीखंडाची वाटी बाहेर काढली. चंपाला नाही.
९: तां. बिचारी.

सोमवार, ४ एप्रिल
७: नि. पाणीही कमी पिते. वजन वाढले. आठवडाभर नि. लिहिताना दर वेळी अक्षर आपोआप मोठे येते, ते आवरायला हवे.

चाळीत आता मला उंदीरमामा म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या, "मुलगा उंदरांचा डॉक्टर आहे ना हो?" आई म्हणाली, "होय, पण माणसांका फुकट बघता."

शुक्रवार, ८ एप्रिल
९ मेली. पिशवी उघडली तर आतले सगळे करडे. पेशी उपाशी गेल्या असाव्यात. ही पिशवी जरा जाड झाली होती, तिसऱ्यांदा बुडवलेली. आता एकटी चंपा.

गुरुवार, १४ एप्रिल
जयंती. सोनूकाका रजेवर. उंदरांना दाणापाणी मी घातले. दुपारी ते मिरवणुकीच्या गडबडीतून पांढऱ्या सदऱ्यात येऊन गेले, "जय भीम, चंपा जेवली का," म्हणून. मी असूनही त्यांना भरवसा नाही.
७: नि.

बाबा संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचत होते. एक मे रोजी महाराष्ट्र होणार हे नक्की. बाबा मोर्च्यांना गेलेले, एकदा लाठीही खाल्लेली, तो खांदा अजून पावसाळ्यात दुखतो. पेपर घडी करून म्हणाले, "झाला." आणि मग उठून उगाच गॅलरीत फेरी मारून आले.

शुक्रवार, २२ एप्रिल
मोठे साहेब आले. त्यांनी चंपाला पाहिले, माझ्या नोंदी पाहिल्या. "अक्षर छान आहे," म्हणाले. मग बाईंकडे वळून: "पण डॉक्टर, असे उंदीर कधीकधी आपले आपणही बरे होतात. त्यांचं स्वतःचं स्वादुपिंड सावरतं. तुमची पिशवी बरं करते आहे कशावरून?"

मला वाटले बाई वाद घालतील. त्या म्हणाल्या, "खरं आहे. एकच उपाय आहे. पिशवी काढून पाहायची."
"काढा. मग बोलू."

साहेब गेल्यावर बाईंनी कागदावर काढून दाखवले. पिशवी काढल्यावर साखर परतली, तर पिशवीच काम करत होती. साखर परतली नाही, तर चंपा आपोआप बरी झाली, आणि आमची पिशवी पोटात नुसती पाहुणी.

म्हणजे आता नळी तांबडी व्हावी अशी इच्छा करायची. चंपा पुन्हा आजारी पडावी अशी. हे मला जमेल असे वाटत नाही.

रविवार, २४ एप्रिल
घरी सांगितले. बाबा म्हणाले, "तू कायच मागू नको. तू नळी धर." सुमन म्हणाली, दादा, तू देवाला काय मागणार, सांग ना, उंदीर की नोकरी? मी तिला पाढे म्हणायला लावले.

सोमवार, २५ एप्रिल
नव्या चार पिशव्या करायला घेतल्या, पातळ. बाईंनी विचारले, कशासाठी? म्हटले, चंपाची काढली आणि साखर परतली, तर लगेच दुसरी घालता येईल ना?
बाई म्हणाल्या, "घालू. आधी नळी बोलू दे."
आज बरे वाटले. तांबडे झाले तरी चंपाला वाट आहे.

शुक्रवार, २९ एप्रिल
पिशवी काढली. तिच्याभोवती पातळ पापुद्रा धरलेला, पण ती स्वच्छ. आतल्या पेशी फिकट गुलाबी. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि मला पाहायला बोलावले. पुंजके गोल, कडा शाबूत. पाच आठवडे दुसऱ्याच्या पोटात राहून शाबूत.
"जिवंत आहेत?"
"दिसतात तशा. पण दिसण्यावर साहेब खोली देणार नाहीत."
चंपा शुद्धीवर आली, मिशा पुसल्या.

शनिवार, ३० एप्रिल
७: नि.
बाई म्हणाल्या, एका दिवसात काही कळत नाही. मला बरे वाटले की वाईट, ते ठरवता आले नाही. उद्या रविवार, सोनूकाका फक्त दाणापाणी करणार. तपासणी थेट सोमवारी. रस्त्यात कमानी उभारत आहेत, मिलवर दिव्यांच्या माळा.

रविवार, १ मे
महाराष्ट्र. सकाळी आईने दारात रांगोळी काढली, अक्षरे मी घातली. चाळीत ढोल, लेझीम, गुलाल. बाबांच्या खांद्यावर कोणाचे तरी पोर बसले होते, दुखऱ्याच खांद्यावर, त्यांच्या लक्षातही नव्हते. प्रत्येक दारातून पेढे. मी कधी नाचत नाही. आज नाचलो असे सुमन म्हणते. मी नुसता हात वर केला होता.

सोमवार, २ मे
७: तां.

पाण्यात नळी धरली आणि हिरवे, पिवळे, तांबडे होत गेले. ओरडलो असेन, कारण बाई पळत आल्या. त्यांनी नळी पाहिली, मला पाहिले, आणि चक्क माझा हात हातात घेऊन हलवला. "परतली. सावंत, परतली." लगेच साहेबांना कळवायला निघाल्या.

मी चंपाची बरणी धुवायला घेतली. वरच्या जाळीला काहीतरी पिवळट चिकटलेले. बोटाने घेतले. वास वेलचीचा.

सोनूकाकांना विचारले. म्हणाले, "काल सगळ्यांना पेढे वाटले, हिला एकटीला कसं ठेवायचं? महाराष्ट्र काय माणसांचाच झालाय? कुसकरून एक पेढा दिला. मजेत खाल्ला तिनं."

मी जिन्यावरून धावत बाईंना गाठले. साहेबांच्या दारावर त्यांची टकटक झालेली होती. आतून "या" आले. मी म्हटले, बाई, पेढा.

बाईंनी दार हळूच पुन्हा लावून घेतले.

मंगळवार, ३ मे
बाई म्हणाल्या, आधी पाहू पेढ्याचा दोष आहे का. साध्या साखरेने आपले निळे पाणी तांबडे होत नाही. पण पेढ्यात खवा, खव्यात दुधाची साखर, तिने होते; चुरा जाळीतून बरणीत पडला असणार. सोनूकाकांनी खिशातून उरलेला पेढा काढला. तो पाण्यात कालवून नळीत घातला. विटेसारखा तांबडा.

सोनूकाका खाली मान घालून उभे. बाईंनी उरलेला अर्धा पेढा उचलून तोंडात टाकला. "महाराष्ट्राचा आहे, वाया कशाला घालवायचा." मग हसू लागल्या, आणि थांबेनात. सोनूकाका हसले. मग मी. बाहेरून जाणारा एक डॉक्टर डोकावून गेला.

कालची तां. खोडली. खोडायची रीत बाईंनी दाखवली: एकच रेघ, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी कारण. कारण लिहिले: पेढा.

चंपाचा पिंजरा, जाळी, बरणी, सगळे उकळून धुतले. आजच्या दिवसाचे मूत्र टाकून दिले. कोरडे दाणे आणि पाणी, बस. सोनूकाका दारात बसून राहिले, आत कुणी गोड घेऊन शिरू नये म्हणून. संध्याकाळी ते म्हणाले, "मोहन, आज बरीच प्यायली पाणी." मग म्हणाले, "पण उकाडाही आहे."

बुधवार, ४ मे
ही नोंद प्रयोगशाळेतच लिहितो आहे, स्टुलावर वही ठेवून.

बरणी स्वच्छ, जाळी स्वच्छ, वास घेऊन पाहिला. निळे पाणी नवे केलेले. कोरी नळी शेजारी. तांबडे आले तर पिशवी खरी, निळे राहिले तर ती नुसती पाहुणी. डब्यात चार पातळ पिशव्या तयार, चारही आरपार.

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या आहेत. म्हणाल्या, "मी बघणार नाही. तुम्ही रंग सांगा. मला जो हवा तो नको, जो आहे तो."

सोनूकाका चंपाला तळहातावर घेऊन दारात उभे. ती मिशा पुसते आहे, तिला काहीच पडलेले नाही.

पाणी उकळते आहे, वाफेमुळे नळी दिसत नाही. मी काहीच मागितलेले नाही. बाबांचे ऐकले.

पाच मिनिटे झाली. चिमट्याने नळी बाहेर काढतो.